पावसाळा सरल्यावर समुद्रात पोहताना

गोमंतकाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचे वर्ष दिनदर्शिकेने दिलेल्या बारा महिन्यांपेक्षा समुद्राने पाडलेल्या दोन भागांनीच अधिक चांगले मोजता येते. एक भाग उघड्या दर्याचा आणि दुसरा मिटलेल्या दर्याचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे एकसष्ट दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला की होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पोहणाऱ्यांचे विश्रांतिपर्व याहून लांब असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने समुद्रात उतरू नये, असे जीवरक्षक दरवर्षी बजावितात, आणि ते योग्यच आहे. मग दसरा होतो, आकाश निवळते, दिवाळीची सुट्टी लागते आणि चार महिने घरात कोंडलेली मुले टॉवेल खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे धाव घेतात.

या धावणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांना आनंदाने निरोप देणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. ज्याला मुळीच पोहता येत नाही, तो बहुधा गुडघाभर पाण्यातच थबकतो. पण ज्याला पोहता येते, ज्याने गेल्या मे महिन्यात लाटांपलीकडे सहज फेरी मारली होती, तो पहिल्याच दिवशी तीच फेरी पुन्हा मारू पाहतो. आमच्या मते खरा धोका येथेच आहे. चार महिन्यांत दोन गोष्टी बदललेल्या असतात. एक म्हणजे पोहणाऱ्याचे शरीर आणि दुसरी म्हणजे समुद्र. या दोन्ही बदलांची कारणे समजून घेतली, तर सावधगिरी हा वडीलधाऱ्यांचा जाच न वाटता स्वतःच्या बुद्धीचा निर्णय वाटू लागेल.

प्रथम शरीराचा विचार करू. पोहणे एकदा आले की ते विसरत नाही असे म्हणतात, आणि ते खरे आहे. हातपाय कोणत्या क्रमाने हलवावेत, मान कधी वळवावी, श्वास कधी घ्यावा, हे ज्ञान मेंदूत वर्षानुवर्षे टिकून राहते. सायकलचेही तसेच आहे. परंतु कौशल्य आणि दम या दोन निराळ्या वस्तू आहेत. नियमित व्यायाम सुटला की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते आणि हृदय एका ठोक्यास पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलते. स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्तीही हळूहळू उतरते. परिणाम असा होतो की, पहिले वीस-पंचवीस हात अगदी मेमधल्यासारखे पडतात, त्यामुळे मनाला वाटते, 'काहीच विसरलो नाही!' आणि मग एकाएकी छाती भरून येते, दंड जड होतात, हात पाण्यातून वर निघेनासे होतात. जमिनीवर धावताना असे झाले तर आपण थांबतो. समुद्रात थांबावयास पायाखाली जमीन लागते, आणि ती त्या वेळी असेलच असे नाही.

येथे कोणी म्हणेल, 'आम्ही पावसाळ्यातही पोहत होतो. गावच्या तळीत, सांजावच्या दिवशी विहिरीत!' गोव्यात २४ जूनला सांजावनिमित्त विहिरींत आणि ओहोळांत उड्या घेण्याची प्रथा सर्वांस ठाऊक आहे. पण गोड्या, स्थिर पाण्याची सवय खाऱ्या, हलत्या पाण्यात पूर्णपणे उपयोगी पडत नाही. एक लिटर गोडे पाणी सुमारे १००० ग्रॅम भरते, तर समुद्राचे सुमारे १०२५ ग्रॅम. साठ लिटर पाणी बाजूस सारणाऱ्या शरीरास समुद्रात सुमारे दीड किलोग्रॅम अधिक उचल मिळते. म्हणून समुद्रात तरंगणे सोपे जाते. परंतु या सोपेपणास दोन अपवाद आहेत. मांडवी, जुवारी यांच्यासारख्या नद्यांच्या मुखांजवळ पावसाळ्यातील गोड्या पाण्यामुळे खारटपणा बराच उतरलेला असतो आणि तो हळूहळूच पूर्ववत होतो. दुसरे असे की, तळीत श्वास घेण्याची वेळ आपण ठरवितो, तर समुद्रात ती लाट ठरविते. तोंड उघडावे आणि त्याच क्षणी लाटेने थोबाडीत द्यावी, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे अधिक सांगावयास नको. लाटेशी श्वासाचा मेळ घालणे ही सवय आहे, आणि प्रत्येक हंगामाच्या प्रारंभी ती नव्याने लावून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट पाण्याच्या गारव्याची. आपला समुद्र उष्ण, मग थंडीचा काय संबंध, असे वाटेल. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर येत असते. त्यामुळे हंगामाच्या आरंभी पाणी अपेक्षेहून गार लागू शकते. अंगात शिरशिरी आली, ओठ थरथरू लागले, बोटे आखडली की बाहेर यावे. धैर्याची परीक्षा पाहण्याची ती वेळ नव्हे.

आता समुद्राकडे वळू. मे महिन्यात तुम्ही ज्या वाळूवर उभे राहिला होता, ती वाळू ऑक्टोबरात त्या जागी नसते. पावसाळ्यात किनाऱ्यापासून दूर तीन-चार मीटर उंचीच्या लाटा उठतात. या लाटा किनाऱ्याची वाळू खरवडून आत नेतात आणि काही अंतरावर तिचे बांध रचतात. ऑक्टोबरनंतर लाटा सौम्य झाल्या की त्याच वाळूला त्या हळूहळू परत आणू लागतात, आणि मे महिन्यापर्यंत किनारा पुन्हा रुंद व उतरता होतो. म्हणजे आपण पोहावयास जातो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही डागडुजी नुकतीच सुरू झालेली असते. किनारा उभट असतो, पाण्याखाली बांध, खड्डे आणि चर असतात, एरवी वाळूने झाकलेले खडक उघडे पडलेले असतात. कंबरभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकावे आणि पाणी डोक्यावरून जावे, असे या दिवसांत घडू शकते. त्यातच पाणी गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही. म्हणूनच अनोळखी तळाच्या पाण्यात डोके खाली घालून सूर मारणे सर्वथा वर्ज्य समजावे. मानेचा कणा एकदा दुखावला की आयुष्यभराचे पंगुत्व येऊ शकते.

वाळूच्या या बांधांचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम म्हणजे समुद्राकडे धावणारा ओढा. पोहता येत असूनही माणसे का बुडतात, याचे उत्तर पुष्कळ वेळा या ओढ्यातच असते, म्हणून त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे. लाटा बांध ओलांडून किनाऱ्याकडे सतत पाणी आणतात. ते पाणी बांधाच्या आत साचते आणि परत जाण्यास वाट शोधते. बांधात जेथे खिंड असते तेथून ते एकवटून जोराने समुद्राकडे निघते. धरणाच्या दारातून पाणी सुटावे तसाच हा प्रकार. साधारण ओढ्याचा वेग सेकंदास अर्धा मीटर असतो, पण तो कधीकधी दोन मीटरपर्यंतही चढतो. पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झान-ल या जलतरणपटूने शंभर मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. भागाकार करून पाहा. त्याचा वेग सेकंदास दोन मीटरांहून किंचित अधिक भरतो. मग चार महिने पाण्याबाहेर राहिलेल्या शाळकरी मुलाने अशा ओढ्याच्या विरुद्ध किती वेळ झुंजावे?

हा ओढा काठावरून ओळखता येतो, पण त्यासाठी पाण्यात शिरण्यापूर्वी दहा मिनिटे उभे राहून पाहिले पाहिजे. दोन्ही बाजूंस लाटा फुटत आहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसत आहे. त्या पट्ट्यात वाळू मिसळलेले पाणी किंवा फेस समुद्राकडे सरकत आहे. अशी जागा दिसली तर ती ओढ्याची वाट समजावी. दुर्दैव असे की, नवख्या माणसास नेमकी हीच जागा 'शांत' म्हणून पसंत पडते. शंका असल्यास रापणकारांना विचारावे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाळूवर उभ्या राहून रापण ओढीत आल्या, त्यांना कोणत्या ठिकाणी पाणी ओढते हे पुस्तकावाचून ठाऊक असते.

आणि तरीही ओढ्यात सापडलो तर? पहिली गोष्ट, घाबरू नये. हा ओढा माणसास खाली खेचीत नाही, तो फक्त दूर नेतो. माणूस बुडतो तो थकून आणि भयाने. किनाऱ्याच्या दिशेने सरळ पोहण्याचा हट्ट सोडावा, पाठीवर पडून तरंगावे, श्वास स्थिर करावा. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे त्याचा जोर बहुधा ओसरतो. अंगात शक्ती असेल तर किनाऱ्यास समांतर पोहून ओढ्याच्या पट्ट्यातून बाजूस निघावे आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या साहाय्याने तिरपे काठाकडे यावे. शक्ती नसेल तर तरंगत राहून एक हात उंच करून मदत मागावी. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्रात उतरणाऱ्यास वेगाने पोहता येण्यापेक्षा स्वस्थपणे तरंगता येणे अधिक आवश्यक आहे.

भरती-ओहोटीचा हिशेबही पोहणाऱ्याने मनात ठेवावा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आपल्या पूर्वजांनी यासाठी एक सुटसुटीत युक्ती बसविली होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, एकादशीस सव्वाआठच्या, पौर्णिमेस सव्वाअकराच्या. हा अंदाज आहे, अचूक वेळ हवी तर बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते. त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हा फरक पुष्कळ कमी असतो. ओहोटीच्या वेळी ओढे अधिक जोर धरतात, आणि मिरामारसारख्या नदीमुखाजवळच्या जागी उतरते पाणी माणसास घेऊन थेट समुद्राकडे निघते. म्हणून हंगामाचे पहिले पोहणे भांगाच्या दिवसांत, पाणी चढत असताना आणि नदीच्या मुखापासून दूर करावे.

वारा नाही, ढग नाही, तरी एखाद्या दिवशी मोठमोठ्या लाटा का येतात, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. या लाटा येथे जन्मलेल्या नसतात. अंटार्क्टिक खंडाभोवतालच्या दक्षिण महासागरात वादळे होतात, आणि त्यांनी उठविलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यास लागतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा उंच लाटांची सूचना आगाऊ प्रसिद्ध करीत असते. आकाश पाहून समुद्राची परीक्षा करू नये, ती सूचना वाचून करावी.

जलचरांविषयी दोनच शब्द. पावसाळा संपल्यावर किनाऱ्यालगत जेलीफिश मोठ्या संख्येने येऊ शकतात. वाळूवर मरून पडलेल्या जेलीफिशलाही हात लावू नये, कारण तिचे तंतू तेव्हाही डंख करू शकतात. डंख झाल्यास ती जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि जीवरक्षकाकडे जावे. श्वास कोंडू लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासा दडलेला असतो. पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालले की त्यास आपली चाहूल लागते आणि तो दूर पळतो.

आता प्रत्यक्ष पुनरारंभ कसा करावा ते सांगतो. समुद्र उघडण्यापूर्वीच दोन-तीन आठवडे वेगाने चालणे, धावणे किंवा दोरीवरच्या उड्या सुरू कराव्यात, म्हणजे दम थोडा परत येतो. पहिल्या दिवशी छातीपर्यंतच्या पाण्याहून पुढे जाऊ नये. आधी पाठीवर पडून पाच मिनिटे तरंगता येते की नाही ते पाहावे. ते जमले नाही तर त्या दिवशी पोहणे नाही. जमले तर किनाऱ्यास समांतर दहा मिनिटे सावकाश पोहावे, पाय टेकतील अशाच पाण्यात. दुसऱ्या दिवशी अंग दुखले तर विसावा घ्यावा. पुढच्या प्रत्येक वेळी पाच-पाच मिनिटेच वाढवावीत. तीन-चार आठवड्यांनी आपण मेमध्ये होतो तेथे बहुतेक येऊन पोहोचतो. हा काळ फुकट गेला असे समजू नये. याच दिवसांत नव्या तळाची, नव्या चरांची, नव्या लाटांची ओळख होत असते.

पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो, अशी पैज मुले लावतात आणि त्यासाठी आधी भराभर श्वास घेतात. हे अत्यंत घातक आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची निकड मुख्यत्वे त्याच वायूमुळे भासत असल्याने ती इच्छा उशिरा होते, आणि दरम्यान प्राणवायू संपून मनुष्य पाण्याखालीच निःशब्द बेशुद्ध होतो.

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ सालापासून जीवरक्षकांची नेमणूक आहे. लाल बावटा असेल तेथे पाण्यात उतरू नये. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये, जीवरक्षकांच्या वेळेत आणि सोबतीनेच पोहावे. पालकांस एक विनंती आहे. बुडणारा मनुष्य नाटकात दाखवितात तसा आरडाओरडा बहुधा करीत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी असते, श्वासच पुरत नाही, तेथे हाक कोठून मारणार? म्हणून मुले पाण्यात असताना एका वडील माणसाचे डोळे सतत त्यांच्यावर असावेत, आणि त्या माणसाने तेवढा वेळ दुसरे काहीही करू नये. कोणी संकटात दिसला तर जीवरक्षकास बोलवावे, तरंगणारी वस्तू अथवा दोरी त्याच्याकडे फेकावी. शिक्षण नसताना त्याच्यामागे उडी घेतल्यास एकाऐवजी दोन घरांत अंधार होतो.

इतकी सावधगिरी भित्र्यांचे लक्षण आहे, असे एखाद्या धाडसी विद्यार्थ्यास वाटेल. त्याने इंग्लिश खाडीचा इतिहास वाचावा. मॅथ्यू वेब याने १८७५ च्या ऑगस्टमध्ये ही खाडी पोहून जाण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा खवळलेल्या समुद्रापुढे त्याने माघार घेतली. त्याच महिन्यात तो पुन्हा उतरला आणि सुमारे पावणेबावीस तासांत पलीकडे पोहोचला. आपल्या आरती साहा यांचाही १९५९ च्या ऑगस्टमधील पहिला प्रयत्न अपुरा राहिला. महिन्याभरानंतर, २९ सप्टेंबरला, १६ तास २० मिनिटे पोहून त्यांनी ती खाडी ओलांडली आणि हा पराक्रम करणारी आशियातील पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला. दोघांचेही नाव इतिहासात आहे, कारण दोघेही एकदा परत फिरले होते आणि म्हणून दुसऱ्यांदा उतरावयास जिवंत होते.

समुद्र आपला शत्रू नाही आणि मित्रही नाही. तो आपल्याला ओळखत नाही, मे महिन्यात आपण किती दूर गेलो होतो हे त्याच्या स्मरणात नसते. म्हणून ओळख करून घेण्याचे काम दरवर्षी आपल्यालाच नव्याने करावे लागते. या ओळखीतही आनंद आहे. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात पाठीवर पडून निवळलेल्या आकाशाकडे पाहत राहणे, कानांशी पाण्याचा संथ आवाज ऐकणे, हे सुख लाटांपलीकडच्या फेरीहून कमी नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी या हंगामात मनसोक्त पोहावे, आणि दिवेलागणीच्या आत ओले केस आणि खारट अंग घेऊन घरी परतावे. दारात वाट पाहणाऱ्या आईला त्याहून दुसरे काही नको असते.